पाठमोऱ्या दोघी

"नॉख माल," असं म्हणून ती उजव्या हाताची तर्जनी उभी करायची. जर्मनमध्ये याचा अर्थ 'पुन्हा एकदा'. तर्जनी एकच असली तरी ते 'एकदा' कधीच एकदा नसे. वल्हं पाण्यात टाकायचं, ओढायचं, काढायचं आणि तिच्याकडे बघायचं. तर्जनी उभीच. पहिल्या दिवशी मुग्धा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, कुठला माल मागतेय ही?" अर्थ कळेपर्यंत आमचे तळहात सोलून निघाले होते.

मी बॉथेलला राहते, सिएटलच्या जरा उत्तरेला. एका बायोटेक कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. मुग्धा पुण्याची, मी नागपूरची, आणि आमच्या दोघींच्या परसदारांमध्ये एकच कुंपण. गावातून सॅमॅमिश नदी वाहते आणि पुढे जाऊन लेक वॉशिंग्टनला मिळते. नदीकाठी एक जुनाट रोइंग क्लब आहे. त्याच्या दारावरची 'मोठ्यांसाठी नवा वर्ग' ही पाटी मुग्धाने वाचली आणि म्हणाली, "यार, योगा करून कंटाळा आलाय. चल, जॉइन करून टाकू." अंबाझरीच्या तलावात पायडल मारत शेंगदाणे खाल्लेली मी. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

तसं काहीही नव्हतं. शर्यतीची बोट वीतभर रुंद असते आणि कूस बदलली तरी कलते. शिवाय बसायचं ते जायच्या दिशेकडे पाठ करून. पुढे काय आहे ते दिसत नाही, दिसतं ते मागे पडलेलं पाणी आणि आपल्या पुढ्यात बसलेल्या बाईची पाठ. मी तक्रार केली तेव्हा कोच म्हणाली, "फैशाली, पुढे नदीच आहे. ती कुठे जात नाही."

माझं नाव वैशाली. जर्मन लोक इंग्रजी 'व्ही'चा 'फ' करतात, त्यामुळे मी तिच्या तोंडी कायमची फैशाली झाले. ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, पण इंग्रजीत आधी भेटलेल्या माणसाला नंतर मराठीत अहो-जाहो करता येत नाही, म्हणून इथे 'ती'च म्हणते. उंच होती. खांदे रुंद, पांढरे केस कानांवर कापलेले, आणि बारा महिने अर्धी चड्डी. आम्ही पाण्यात असलो की ती काठावरच्या पायवाटेने सायकलवरून आमच्याबरोबर यायची. गळ्यात कर्णा असे, पण तो सुरू केलेला मी कधी पाहिला नाही. गरजच नव्हती.

अमेरिकेत कौतुक फार स्वस्त आहे, हे तुम्हीही पाहिलं असेल. मुलाने पेन्सिलीला टोक केलं तरी 'गुड जॉब'. ती हे कधी म्हणाली नाही. फारच छान झालं तर म्हणे, "चूक नव्हती." तेवढ्यावर आम्ही आठवडाभर हवेत असायचो.

आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ एकदा मुलीला घेऊन आले. रोइंगमुळे चांगल्या कॉलेजात प्रवेश सोपा जातो, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "कोच, हिने आत्तापासून केलं तर कुठल्या कुठल्या कॉलेजात चान्स आहे?" तिने मुलीला नखशिखांत बघितलं, तिचे हात आडवे पसरायला लावले, आणि म्हणाली, "आधी हिला पाणी आवडतं का ते बघू. कॉलेज कोरड्या जागेवर असतं." गृहस्थ परत आले नाहीत. मुलगी मात्र येत राहिली.

आपल्या लोकांचा दुसरा आवडता प्रश्न व्हिसाचा. माझ्या नवऱ्याने, संदीपने, पहिल्याच भेटीत तिला विचारलं, ग्रीन कार्ड कसं मिळालं. तिने शांतपणे सांगितलं, असामान्य गुणवत्ता असलेल्यांच्या वर्गातून. ती तरुणपणी एकदा जगज्जेती झाली होती, हे आम्हाला असं कळलं. संदीप त्या ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभा आहे की त्याने तो वर्ग लगेच फोनवर शोधून पाहिला. ती म्हणाली, "त्या पदकाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला तो तुमच्या इमिग्रेशनमध्ये."

गंमत म्हणून आम्ही ते सगळ्यांना सांगत फिरलो. त्या वाक्यात किती खरं होतं ते पुढे कळलं.

वर्ग चालू असताना क्लबच्या आवारात एक निळी गाडी उभी असायची. गाडीत मागे, पिवळं जॅकेट घातलेली एक बाई बसलेली असे. तिचे हात मांडीवर सारखे थरथरत. पुढे दाढीवाला टॉम, तिचा नवरा, कॉफी पीत बसलेला. वर्ग संपला की कोच गाडीचं दार उघडायची, त्या बाईला दोन्ही हातांनी धरून उभं करायची आणि धक्क्यापर्यंत चालवत आणायची. बाई दोन पावलं चालली की अडायची, जणू कुणी तळवे जमिनीला चिकटवलेत. कोच मग शेजारी उभी राहून जर्मनमध्ये काहीतरी लयीत पुटपुटायची. बाईचं पाऊल सुटायचं. मग दोघी एका बोटीत बसून नदीवर जायच्या. बोटीत बसवताना कोच तिच्या पायांचे पट्टे स्वतः बांधायची.

आम्ही गृहीत धरलं होतं की ही तिची बहीण. तिचं नाव उटे. तिला पार्किन्सन्स होता. पण एक गोष्ट बघण्यासारखी होती. वल्ही हातात आली की उटेचा थरकाप कमी व्हायचा. जमिनीवर अडखळणारी ती बाई पाण्यावर गेली की वेगळीच दिसायची.

खरी हकिगत बाहेर आली ती माझ्या आईमुळे. आई त्या शरद ऋतूत सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती. घरात तिला कंटाळा यायचा. माझी मुलगी ईरा आजीने मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देणार, आणि आजी म्हणणार, "हो का, बरं," म्हणजे काही कळलं नाही. त्यामुळे मी वर्गाला निघाले की आई स्वेटर, मफलर, वरून माझा रेनकोट असा सरंजाम करून बरोबर यायची आणि धक्क्याजवळच्या बाकावर बसायची. कोचला आरडाओरडा करताना पाहून पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढं काय चिडून राहिली ती?"

"चिडली नाही आई, शिकवतेय."

"आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईपण असंच म्हणत."

कोच तिला 'मामा' म्हणू लागली. जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात. आईला हे काही केल्या पटेना. "मी हिची मामा कशी?" पण हाक मारली की ओ द्यायची. आई डब्यात थालीपीठ, कधी साबुदाण्याचे वडे आणायची, कोच घरच्या आलुबुखारांचा केक आणायची. दोघी बाकावर बसून खायच्या. भाषा एकही सामाईक नाही, आणि दोघींची बडबड चालू. मी जवळ गेले की मला दुभाषीण करायच्या.

असंच एका सकाळी आई म्हणाली, "तिला विचार, लग्न नाही केलं का?"

"आई, इथे असं विचारत नाहीत."

"मग काय विचारतात?"

"हवापाणी."

"ते तर दिसूनच राहिलं."

कोचने विचारलं, "मामा काय म्हणते? खरं सांग." मी सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. गाडीकडे पाहिलं. उटे मागच्या सीटवर झोपली होती, टॉम वर्तमानपत्र वाचत होता. मग ती बोलू लागली आणि मी तुकड्या-तुकड्याने आईला मराठीत सांगत गेले.

ती पूर्वेकडच्या जर्मनीतली. त्या वेळी देशाचे दोन भाग होते आणि मध्ये भिंत. वडील एका कालव्यावरच्या जलद्वाराचे रखवालदार. मालवाहू नावा आल्या की दारं उघडायची, पाणी वर-खाली करायचं. घर कालव्याला लागूनच. शाळेत एक दिवस काही माणसं आली, मुलामुलींना भिंतीशी उभं करून हात मोजले. हिचे हात लांब निघाले. तिला मोठ्या शहरातल्या खेळाच्या शाळेत पाठवलं. तिथे उटे भेटली. उटे चुणचुणीत, बोलकी, शिवणाऱ्या बाईची मुलगी. दोघींना एकाच बोटीत बसवलं, एकाच खोलीत ठेवलं.

"दोघींच्या बोटीत एक मागे, एक पुढ्यात," ती म्हणाली. "पुढ्यातली लय ठरवते. तिला कुणीच दिसत नाही. मागची तिच्या पाठीकडे बघून वल्हवते. उटे पुढ्यात, मी मागे. तिचा चेहरा मी फार कमी पाहिला. वर्षानुवर्षं पाहिली ती पाठ."

"पाठ पाहून पाहून पाठ झाली असेल," आई म्हणाली. हे मला इंग्रजीत नेता आलं नाही. मी म्हटलं, मामा म्हणतात की तुला ती पाठ तोंडपाठ झाली असेल. कोचने मान हलवली. श्वास घेण्याआधी उटेचा डावा खांदा किंचित वर जायचा, म्हणे. तेवढ्यावरून हिला कळायचं, आता वेग वाढणार.

दोघी जगज्जेत्या झाल्या. सगळ्यांत मोठी स्पर्धा पुढच्या उन्हाळ्यात होती आणि दोघींची निवड नक्की होती. त्याआधी पश्चिमेकडे एका तलावावर शर्यत होती. तीही त्या जिंकल्या. धक्क्याला बोट लावली. शर्यत संपली की दोघींनी मिळून बोट खांद्यावर उचलून आत न्यायची असते. उटे म्हणाली, "थांब, बूट घेऊन येते." आणि गेली.

"मग?" आईने विचारलं. एवढं इंग्रजी तिला येत होतं. "देन?"

"मी बोट धरून उभी राहिले. दुसरे लोक आपापल्या बोटी घेऊन गेले. शेवटी आमच्याबरोबरचे पहारेकरी धावत आले आणि माझ्यावर ओरडायला लागले. तेव्हा कळलं, ती आता येणार नाही."

उटे पळून गेली होती. पश्चिमेत आधीच पळून आलेला एक मामेभाऊ गाडी घेऊन थांबला होता. इकडे हिची चौकशी सुरू झाली. सारखं एकच विचारत, इतकी वर्षं तू तिच्या मागे बसलीस, तुला काहीच दिसलं नाही? ही म्हणे, पाठ दिसत होती. त्यांना ते उद्धट वाटलं. हिला संघातून काढलं, क्लबच्या दारातही पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. ती गावी परत गेली आणि दुधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या यंत्रावर लागली. तेव्हा वय पंचविशीच्या आत. त्या उन्हाळ्यात मोठ्या स्पर्धेला दुसऱ्याच दोन मुली गेल्या. तिला मागणी घालणारा एक मुलगा होता, तोही संघातला. त्याला कुणीतरी समजावून सांगितलं की या मुलीबरोबर दिसणं बरं नाही. त्याने ते ऐकलं.

"लग्नाचं उत्तर हे," ती म्हणाली. "जरा लांब झालं."

आईने डब्याचं झाकण लावलं. मग मला म्हणाली, "भिंत पडली ना पुढे? टीव्हीवर दाखवलं होतं. मग ती उटे आली का नाही?"

आली होती. भिंत पडल्यावर उटे फोन करू लागली. ही फोनवर यायचीच नाही. तोपर्यंत उटे सिएटलला होती, टॉमशी लग्न झालं होतं. टॉम लाकडी होड्या बांधायचा. एका वर्षी उटे थेट कालव्यावरच्या घरी जाऊन दारात उभी राहिली. हिने दार उघडलं, तिला पाहिलं, म्हणाली, "माझं दूध ठेवलंय गॅसवर," आणि दार लावून घेतलं.

"खरंच होतं दूध?" आईने विचारलं.

"नव्हतं."

"मी तर दारच उघडलं नसतं," आई म्हणाली. मी सांगितल्यावर कोच इतक्या मोठ्याने हसली की गाडीत उटे जागी झाली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कोच गावातल्या मुलांना वल्हवायला शिकवू लागली होती. एक दिवस टॉमचा फोन आला. त्याला जर्मन धड येत नव्हतं. तो म्हणाला, "ती पडते. तुझं नाव घेते." एवढीच वाक्यं त्याने पाठ केली होती. ही म्हणाली, दोन आठवड्यांसाठी येते. आली, आणि राहिली. टॉमच्या घरातली मागची खोली तिची झाली.

"विचारलं की नाही तिला?" आईचा आवाज आता जरा चढला होता. "का नाही सांगितलं म्हणून?"

"विचारलं. उटे म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं, आणि तुला खोटं बोलता येत नाही."

"खरं आहे ते?"

"खरं आहे." ती उठली, हात झटकले. "पण ते मी ठरवायचं होतं. मला विचारायला हवं होतं."

"मग माफ केलं का तिला?"

मी हे विचारायला कचरत होते. आईने कोपराने ढोसलं. कोचने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत नाही, मामा. रोज सकाळी तिच्या बुटांच्या नाड्या बांधते. ते करताना काही आठवत नाही. रात्री कधीकधी सगळं आठवतं. मग सकाळ होते, पुन्हा नाड्या असतात." मग ती गाडीकडे गेली आणि उटेला उठवू लागली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं, त्या दोघी बोटीत कशा बसतात ते. जागा बदललेल्या होत्या. उटेची लय आता तिच्या हातात राहिली नव्हती, म्हणून कोच पुढ्यात बसायची आणि उटे मागे, कोचच्या पाठीकडे बघत. म्हणजे आता मागे काय चाललंय ते कोचला दिसत नव्हतं. मी तिला विचारलं, भीती नाही वाटत? उटे अडली तर? ती म्हणाली, "कान आहेत ना. मागच्या पाण्याचा आवाज ऐकत असते."

हिवाळा सरत आला तेव्हा उटेने हट्ट धरला की शर्यतीत उतरायचं. लेक वॉशिंग्टनवर दर वसंतात वयस्कांची शर्यत असते. कोचने साफ नकार दिला. "शर्यत संपली," ती म्हणाली. "आपण फिरायला जातो तेवढं पुरे." उटेचं बोलणं तोवर पुसट झालं होतं, शब्द तोंडातच विरायचे. तिने टॉमला मध्ये घातलं, मला घातलं, शेवटी आईलाही घातलं. आई कोचला म्हणाली, "हो म्हण ना. तिला आता किती वेळा काही मागता येणार आहे?" मी ते जसंच्या तसं सांगितलं. कोच नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, पण वारा असेल तर नाही.

शर्यतीच्या सकाळी वारा होता, पण फार नाही. आईचं परतीचं तिकीट त्याच आठवड्यातलं. ती मफलर गुंडाळून काठावर उभी, शेजारी मुग्धा आणि ईरा. मी आणि टॉम धक्क्यावर, बोट धरायला. भोंगा झाला. दोघी चांगल्या निघाल्या, खरं तर फारच चांगल्या. निम्म्यापर्यंत त्या दुसऱ्या होत्या. "चला गं पोरींनो!" आई ओरडत होती. आजूबाजूचे अमेरिकन वळून बघत होते. ईरा पहिल्यांदा मराठीत ओरडली, "चला! चला!"

आणि उटेचे हात थांबले.

वल्ही पाण्याच्या वर, अर्धवट, तशीच. ती गोठली होती. आम्हाला काठावरून दिसत होतं, कोचला दिसणं शक्य नव्हतं. दुसरी कुणीही असती तर वळून पाहिलं असतं. ती वळली नाही. तिने एक वल्हं मारलं, ऐकलं, आणि स्वतःची वल्ही पाण्यावर आडवी टेकवून थांबली. बोट हळूहळू उभी राहिली. बाकीच्या बोटी एकेक करून पुढे निघून गेल्या. पंचांची मोटरबोट जवळ येऊ लागली तशी कोचने मागे न बघताच तळहात वर केला, थांबा. टॉमने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला. कोचचे ओठ हलताना दिसत होते. ती काहीतरी बोलत होती, समोर रिकाम्या तळ्याकडे बघत. मग उटेची वल्ही खाली गेली. आधी एक, मग दोन्ही. बोट निघाली.

त्या शेवटच्या आल्या. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या, तेवढं अमेरिकनांचं कौतुक मला त्या दिवशी अजिबात स्वस्त वाटलं नाही. मी बोट धरली, टॉमने उटेला उचलून उभं केलं. तो तिला खुर्चीकडे नेऊ लागला तर ती जागची हलेना. मला वाटलं, पुन्हा पाय अडले. पण तिला जायचंच नव्हतं. तिने बोटीकडे बोट दाखवलं.

कोचला कळलं. तिने बोट उचलायचा हुकूम दिला, जर्मनमध्ये, दोघीच असल्यासारखा. वजन मी आणि टॉमने घेतलं. कोच एका टोकाला. उटेने थरथरता हात बोटीच्या कडेवर ठेवला आणि आम्ही चौघं मुंगीच्या पावलांनी चढण चढू लागलो. उटे दोनदा अडली, आम्ही दोनदा बोट खांद्यावर घेऊन उभे राहिलो. कुणी घाई केली नाही. बोट लाकडी घोडीवर ठेवल्यावर कोचने उटेकडे पाहिलंच नाही, फडकं घेऊन बोट पुसायला लागली. एकच जागा ती बराच वेळ पुसत होती.

"झालं बाई एकदाचं," आई म्हणाली.

पाण्यात तू तिला काय सांगितलंस, हे मी नंतर विचारलं. कोच म्हणाली, "रात्री काय जेवणार ते विचारलं. अशा वेळी हुकूम दिला की अंग आणखी अडतं. ती म्हणाली, बटाटे. मग निघालो."

उटे पुढच्या पावसाळी डिसेंबरात गेली. न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात संपलं. आम्ही वर्ग बंद असेल असं धरून चाललो होतो, पण कोचचा निरोप आला, वर्ग आहे. आम्ही गेलो तर ती आधीच पाण्यात होती. दोघींची बोट घेऊन एकटीच. ती पुढ्यात बसली नव्हती, मागच्या जागेवर बसली होती, आणि तिच्या समोर उटेची जुनी जागा रिकामी होती. दोघींची बोट एकट्याने वल्हवणं अवघड, नाक पाण्यात दबतं, नीट चालत नाही. तरी ती पुलापर्यंत गेली आणि परत आली. बोट लावून आमच्याकडे आली, उशीर केलात म्हणून आम्हाला रागावली. त्या दिवशी तिने कुणाचीही चूक काढली नाही, आणि ते आम्हाला अजिबात आवडलं नाही.

वर्षभर तिने वर्ग चालवला. मग एका दिवशी म्हणाली, मी परत जाते. का, असं सगळ्यांनी विचारलं. कालव्यावरचं घर भावाने ठेवलंय, गावात मुलं आहेत, शिकवायला कुणी नाही. मुग्धाने रडून पाहिलं. मी फोनवर आईला सांगितलं, आईने नागपूरहून समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मामा, मी दोन आठवड्यांसाठी आले होते. झाले आता दोन आठवडे."

विमानतळावर मी आणि टॉम सोडायला गेलो. टॉमने तिला मिठी मारली. तिला मिठी कधी जमली नाही, लाकडासारखी उभी राहायची. मग तिने त्याच्या जॅकेटची चेन वर ओढली, गळ्यापर्यंत, आणि मला म्हणाली, "फैशाली, वल्हं ओढताना तुझा उजवा खांदा अजून आधी उघडतो." आणि रांगेत गेली. उंच असल्यामुळे बराच वेळ दिसत राहिली.

परतताना पाऊस लागला होता. त्याच्या घरासमोर गाडी थांबवली तरी उतरेना. वायपर चालू होते. मग म्हणाला, "रात्री मी वर्कशॉपमधून यायचो तेव्हा स्वयंपाकघरात दोघी हसत असायच्या. रोज कशावर तरी. एक शब्द सारखा यायचा, आणि तो आला की उटेला हसू आवरायचं नाही." त्याने तो शब्द म्हणून दाखवला. त्याच्या तोंडून तो फारच ओबडधोबड आला. "कधी विचारलं नाही. त्यांचं त्यांचं असेल म्हणून."

मी म्हटलं, "फोन करून विचार ना तिला."

"विमान उतरू दे आधी," तो म्हणाला.

मग उतरला. मी गाडी वळवली तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागला होता. खिडकीतून तो दिसत होता, जॅकेट न काढता, टेबलापाशी उभा. एकाच शब्दापुरते त्याचे ओठ पुन्हा पुन्हा हलत होते.